टोलब्युटामाइड : एका गोळीची हकीकत

अंधेरी मागे टाकून आगगाडी उत्तरेकडे निघाली म्हणजे जोगेश्वरी आणि गोरेगाव ही स्थानके लागतात. आज या भागात दृष्टीस पडतात त्या उंच इमारती, काचेच्या कचेऱ्या आणि मोठमोठी दुकाने. तथापि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या या उपनगरांची ओळख निराळी होती. भारतात औषधे तयार करण्याचा उद्योग जेथे बाळसे धरीत होता, त्या ठिकाणांपैकी हे एक प्रमुख ठिकाण होय. गोरेगावास स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने आपले संशोधन केंद्र थाटले. जोगेश्वरीस युनिकेम ही भारतीय कंपनी उभी राहिली. आणि पलीकडे मध्य रेल्वेच्या बाजूस मुलुंड येथे जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीचा कारखाना चालू झाला. पुढे एका पांढऱ्या गोळीवरून यांपैकी दोघांची गाठ थेट मुंबईच्या उच्च न्यायालयात पडली. ती गोळी मधुमेहावरची होती, आणि तिचे नाव टोलब्युटामाइड.

त्या गोळीचे मोल कळावयास ती येण्यापूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मधुमेह आपल्याकडे नवा नव्हे. चरक-सुश्रुतांस तो माहीत होता. रोग्याच्या मूत्रास मुंग्या लागतात हे निरीक्षण आयुर्वेदाच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. मात्र लक्षण ओळखणे निराळे आणि उपाय सापडणे निराळे. खरा उपाय १९२२ च्या जानेवारीत कानडातील टोरोंटो येथे हाती आला. बँटिंग, बेस्ट, कॉलिप आणि मॅक्लिऑड यांच्या परिश्रमांतून निघालेले इन्सुलिन एका चौदा वर्षांच्या मुलास टोचण्यात आले आणि मरणाच्या दारातून तो परतला. इन्सुलिनचे उपकार थोर. परंतु ते पोटात घेऊन चालत नाही, टोचूनच घ्यावे लागते. ज्या घरांत मधुमेही माणूस होता त्या घरांची सकाळ एका ठराविक क्रमाने उजाडे. काचेची पिचकारी आणि सुई भांड्यात उकळत ठेवावयाची. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात मूत्राचे आठ थेंब टाकावयाचे आणि ती नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरावयाची. निळा रंग कायम राहिला तर घरात समाधान. हिरवा, पिवळा होत होत तो विटकरी झाला तर त्या दिवशी जेवणाच्या पानावर सर्वांची नजर. इन्सुलिनची बाटली गार जागी ठेवण्याची चिंता ती वेगळीच, कारण बर्फाची पेटी तेव्हा घरोघर नव्हती. असे असता, सुईची गरज नाही, दोन-तीन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या की झाले, असे जेव्हा डॉक्टर सांगू लागले तेव्हा रोग्यांस ते वरदानच वाटले असले पाहिजे. मुंबईत याच सुमारास, १९५५ साली, डॉ. शां. श्री. आजगावकर यांच्या पुढाकाराने मधुमेह्यांसाठी डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था निघाली. म्हणजे रोग शहरात पसरतो आहे, ही जाणीव झालेली होती.

या गोळीचा शोध मधुमेहाच्या शोधातून लागलेला नाही. त्याची सुरुवात झाली ती दुसऱ्या महायुद्धात, फ्रान्समधील माँपेलिए गावी. १९४२ साली तेथील डॉ. जानबाँ हे विषमज्वराच्या रोग्यांवर गंधकवर्गातील एक नवे औषध योजून पाहत होते. युद्धामुळे अन्नाची टंचाई, रोगी आधीच खंगलेले. औषध घेताच काहींना दरदरून घाम फुटला, भोवळ आली, झटके आले. काही तर दगावले. कारण शोधता असे आढळले की त्यांच्या रक्तातील साखर अतोनात उतरली होती. जानबाँ यांनी ही गोष्ट त्याच विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ लूबातिएर यांच्या कानावर घातली. लूबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि ज्या कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आहे त्याच्यावर या औषधाचा काहीच परिणाम होत नाही, असे दाखविले. निष्कर्ष उघड होता. औषध स्वतः साखर जाळीत नाही. स्वादुपिंडास चेतवून त्याच्याकडून इन्सुलिन सोडविते. एकास जे विष ठरले तेच दुसऱ्यास औषध होऊ शकेल, हे त्या मनुष्याने ओळखले. परंतु युद्धाच्या धामधुमीत या शोधाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही.

तोच योग पुढे बर्लिन येथे आला. फ्रांके आणि फुक्स हे दोघे डॉक्टर कार्ब्युटामाइड नावाचे एक जंतुनाशक पारखीत होते. त्याने रोग्यांत चमत्कारिक लक्षणे दिसू लागली, आणि फुक्स यांनी ते स्वतः घेऊन पाहिले तेव्हा त्यांनाही तोच अनुभव आला. १९५५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्ब्युटामाइडात दोष असा की ते जंतुनाशकही होते आणि काही रोग्यांच्या रक्तपेशींवर त्याचे घातक परिणाम झाले. हेक्स्टच्या रसायनज्ञांनी त्याच्या रचनेतील एक लहानसा भाग बदलला. जंतुनाशक गुण गेला, साखर उतरविण्याचा गुण राहिला. हेच टोलब्युटामाइड. १९५६ साली ते जर्मनीत रास्टिनॉन या नावाने विक्रीस आले, आणि १९५७ साली अमेरिकेत ऑरिनेस या नावाने.

गोळीचा उपयोग कोणास व्हावयाचा याविषयी तज्ज्ञांच्या मनात प्रथमपासून संदेह नव्हता. ज्या मुलांचे स्वादुपिंड इन्सुलिन करीतच नाही त्यांना ती निरुपयोगी. थकलेल्या बैलाला चाबूक मारून चालविता येते, मेलेल्याला नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर, बहुधा अंगाने स्थूल असणाऱ्या माणसांना जो मधुमेह जडतो त्यात मात्र ती उपयोगी पडे. परंतु याच रोग्यांपैकी पुष्कळांची साखर आहार आवरल्याने आणि रोज चालल्यानेही ताब्यात येण्यासारखी होती. पानातील भात कमी करण्यापेक्षा गोळी घेणे सोपे, हे मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. जी गोळी आहाराला जोड म्हणून आली ती अनेक घरांत आहाराच्या जागी बसली.

आता मुंबईतील दाव्याकडे वळावयाचे. त्या काळी भारतात १९११ चा पेटंट कायदा लागू होता. तो इंग्रजी राजवटीने केलेला, आणि त्याची मुदत सोळा वर्षांची. हेक्स्टने १९५६ मध्येच टोलब्युटामाइड बनविण्याच्या कृतीचे भारतीय पेटंट घेतले होते. इकडे परळच्या हाफकिन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तेच औषध तयार करण्याची आपली एक वाट शोधून काढली आणि तिचेही पेटंट घेतले. हाफकिन म्हणजे १८९९ साली प्लेगवरील लस करण्यासाठी निघालेली सरकारी संस्था. कर्नल साहिब सिंग सोखी यांच्या कारकीर्दीत लोकांना परवडतील अशी औषधे देशातच व्हावीत हा तिचा ध्यास बनला होता. हाफकिनची ही कृती घेऊन जोगेश्वरीच्या युनिकेमने गोळ्या बाजारात आणल्या. अमृत मोदी यांनी १९४४ साली स्थापन केलेली ही कंपनी त्या मानाने लहानच होती. हेक्स्टने तिच्यावर पेटंटभंगाचा दावा लावला.

प्रतिवादींचे म्हणणे थोडक्यात असे, की आमची कृती निराळी आहे. शिवाय हेक्स्टने आपल्या पेटंटात इतकी असंख्य संयुगे आणि इतके मार्ग कवेत घेतले आहेत की त्यांतील बहुतेकांची परीक्षा कोणी केलेलीच नाही. वादीचे म्हणणे असे, की वाट कोणतीही काढली तरी ती आमच्या कुंपणातूनच जाते. १९६८ साली उच्च न्यायालयाने निकाल हेक्स्टच्या बाजूने दिला. पेटंट ग्राह्य धरले आणि त्याचा भंग झाल्याचे ठरविले. कायद्याच्या अक्षरांत पाहता निकालास दोष देता येईल असे नाही. दोष होता तो कायद्यात. परक्या देशात निघालेल्या औषधाची नवी कृती देशातील सरकारी संस्थेने स्वतःच्या बुद्धीने काढावी आणि ती देशातील कारखान्यास वापरता येऊ नये, हे पुष्कळांना खटकले. अमेरिकेच्या सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने तर १९६१ सालीच असा अभिप्राय दिला होता की भारतातील औषधांच्या किमती जगातील सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाने कायदा बदलण्याची शिफारस केलेलीच होती. अखेरीस १९७० चा पेटंट कायदा आला व २० एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. औषधाच्या पदार्थावर पेटंट नाही. केवळ कृतीवर, तेही फार तर सात वर्षे. हे धोरण ज्या अनुभवांतून आकारास आले त्यांत टोलब्युटामाइडचा दावा गणला जातो. नंतरच्या काळात भारतात मधुमेहाच्या गोळ्या जितक्या स्वस्त मिळू लागल्या त्याच्या मुळाशी हा बदल आहे.

ही सर्व वर्षे गोरेगावात काय चालले होते, तेही पाहण्याजोगे आहे. १९६३ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते सीबाच्या संशोधन केंद्राचे उद्घाटन झाले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील ख्यातनाम रसायनज्ञ डॉ. टी. आर. गोविंदाचारी यांना त्याचे संचालक नेमण्यात आले. परकी कंपनी आपला माल येथे केवळ विकत नाही, नवी औषधे येथेच शोधते आहे, ही गोष्ट त्या काळात अपूर्व होती. तेथे जन्मलेल्या संयुगांच्या क्रमांकामागे ‘गो’ ही अक्षरे लावीत. गोरेगावचे नाव असे रसायनशास्त्राच्या नियतकालिकांतून जगभर फिरले. मनाच्या खिन्नतेवरील सिंटामिल आणि आमांशावरील सॅट्रानिडाझोल ही औषधे याच केंद्रातून निघाली. मधुमेहाचे औषध मात्र तेथून निघाले नाही. एका स्थानकाच्या अंतरावर दोन निराळ्या गोष्टी चालल्या होत्या, असे म्हणता येईल. गोरेगावास नवीन औषध शोधण्याची उमेद, जोगेश्वरीस दुसऱ्याने शोधलेले औषध स्वतः बनविण्याचा हक्क मिळावा यासाठी झगडा. दोन्हींचे मोल आहे. मात्र त्या गोळीने रोग्याचे वर्षानुवर्षांत काय होते, हा तिसरा प्रश्न दोन्हींकडे विचारला जात नव्हता. तो विचारला गेला अमेरिकेत, आणि त्याचे उत्तर कोणासच आवडले नाही.

गोळीचा एक धोका सर्वांना ठाऊक होता; माँपेलिएचे रोगी ज्याने मेले तोच. साखर प्रमाणाबाहेर उतरली म्हणजे हातपाय थरथरतात, घाम सुटतो, छाती धडधडते, एकदम भूक लागते. पुढे बोलणे असंबद्ध होते आणि वेळीच साखर पोटात गेली नाही तर शुद्ध हरपते. टोलब्युटामाइड शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे हा धोका त्याच्यात त्या मानाने कमी. मागाहून आलेले क्लोरप्रोपामाइड शरीरात दिवसेंदिवस राहते. म्हाताऱ्या माणसांस, किंवा ज्यांची मूत्रपिंडे मंदावली आहेत अशांस, ते अधिक घातक. सांधेदुखीवरील फिनाइलब्युटाझोन किंवा गंधकवर्गीय जंतुनाशके सोबत घेतल्यासही या गोळीचा जोर वाढतो. आणि आपल्या घरांत तर आणखी एक कारण हटकून असते. एकादशीस सकाळची गोळी नेमाने घ्यावयाची आणि दिवसभर पाण्यावर राहावयाचे, किंवा उपास म्हणून दुपारी साबुदाण्याची खिचडी भरपूर खावयाची: पहिल्याने साखर कोसळते, दुसऱ्याने उसळते. औषधाला तिथी कळत नाही. ही गोष्ट डॉक्टराने विचारल्याविना रोगी सांगत नाही, आणि रोग्याने सांगितल्याविना डॉक्टराला कळत नाही.

दुसरा धोका कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. १९६१ साली अमेरिकेतील बारा विद्यापीठांच्या दवाखान्यांनी मिळून एक दीर्घ परीक्षा आरंभिली. हेतू असा की साखर उतरविल्याने हृदय, डोळे, मूत्रपिंडे यांचे रक्षण होते किंवा नाही ते पाहावे. रोग्यांचे गट चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने पाडले. काहींना टोलब्युटामाइड, काहींना इन्सुलिन, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. आहाराचे पथ्य सर्वांना सारखे. सुमारे आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा परीक्षकच चकित झाले. टोलब्युटामाइड घेणाऱ्या २०४ जणांपैकी २६ जण हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले होते. पोकळ गोळ्या घेणाऱ्या २०५ जणांपैकी फक्त १०. ज्या औषधाने हृदय वाचावे त्यानेच ते धोक्यात येते की काय? १९७० च्या मे महिन्यात ही वार्ता वैद्यकांच्या सभेपूर्वीच वर्तमानपत्रांत फुटली. रोगी घाबरून डॉक्टरांकडे धावले आणि डॉक्टरांजवळ उत्तर नव्हते, कारण अहवाल अद्याप त्यांच्याच हाती पडला नव्हता.

पुढचे रण चौदा वर्षे चालले. बॉस्टनच्या जोसलिन दवाखान्याचे डॉ. ब्रॅडली यांच्या पुढाकाराने मधुमेहतज्ज्ञांनी एक समिती स्थापून या परीक्षेवर कडाडून हल्ला केला. गट सारखे पाडले नव्हते, गोळीचे प्रमाण रोग्यागणिक बदलले नाही, असे अनेक आक्षेप. मूळ कागदपत्रे मिळावीत म्हणून प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८० साली तेथे समितीची मागणी फेटाळली गेली. औषधाच्या वेष्टनात हृदयाविषयीचा इशारा छापावा, हा सरकारी हुकूम पूर्णपणे अमलात येण्यास १९८४ साल उजाडले. आक्षेपकांत औषध कंपन्यांचे हितसंबंधी होते तसे प्रामाणिक वैद्यही होते. पण इतकी वर्षे जी गोळी लिहून दिली तिच्याविषयी असा संशय ऐकून घेणे कोणत्याही वैद्यास कठीण जावे, हे समजण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली आवश्यक औषधांची पहिली यादी केली तीत टोलब्युटामाइडचे नाव होतेच.

त्याच परीक्षेत फेनफॉर्मिन नावाची दुसऱ्या जातीची गोळीही तपासली गेली होती. अमेरिकेत ती विकणाऱ्यांत सीबा-गायगी ही कंपनी होती, म्हणजे १९७० च्या विलीनीकरणानंतर गोरेगावच्या केंद्राची जी मालकीण झाली तीच. फेनफॉर्मिनने काही रोग्यांच्या रक्तात दुग्धाम्ल साचते आणि त्यांतील पुष्कळ दगावतात असे निष्पन्न झाल्यावर १९७७ साली अमेरिकन सरकारने ती तातडीने थांबविली. भारतात तिच्यावर बंदी आली ती २००३ साली. मधली सव्वीस वर्षे तिचा धोका जगजाहीर होता. तिचे सख्खे भावंड मेटफॉर्मिन. माँपेलिएच्या शोधानंतर पंधरा वर्षांनी, १९५७ साली, पॅरिसच्या डॉ. स्टेर्न यांनी ते पुढे आणले. फेनफॉर्मिनच्या दुष्कीर्तीमुळे तेही बराच काळ संशयात राहिले; अमेरिकेने ते १९९४ च्या अखेरपर्यंत मान्य केले नाही. त्याने दुग्धाम्ल साचण्याचा प्रकार फार विरळा. मूत्रपिंडे अगदी निकामी झालेल्यास मात्र ते वर्ज्य. आज या प्रकारच्या मधुमेहात बहुतेक ठिकाणी आरंभ त्याच गोळीने होतो.

टोलब्युटामाइडच्या कुळावरील आरोपाचे पुढे काय झाले? १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या परीक्षेत त्याच कुळातील क्लोरप्रोपामाइड व ग्लायबेनक्लामाइड यांनी हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याचे आढळले नाही. २०१९ साली आणखी एका परीक्षेत, सध्या भारतात फार खपणारे ग्लिमेपिराइड हे एका नव्या औषधाशी ताडून पाहिले; हृदयाच्या बाबतीत दोन्ही सारखी उतरली, साखर बेताबाहेर उतरण्याचे प्रसंग मात्र ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांत कितीतरी अधिक. पहिला धोका खरा ठरला, दुसऱ्याचा डाग पुष्कळसा धुतला गेला. टोलब्युटामाइडपुरता तो साफ निघाला असे मात्र कोणी छातीठोकपणे म्हणत नाही. तथापि त्या वादाचे एक फळ राहिले. साखर उतरली म्हणजे रोगी वाचला, असे यापुढे कोणी गृहीत धरीना. रोसिग्लिटाझोन या नव्या गोळीवर २००७ साली हृदयविकाराचा आरोप आला आणि भारताने २०१० साली ती बंद केली. या वेळी सव्वीस वर्षे लागली नाहीत. पायोग्लिटाझोनवर मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयावरून १८ जून २०१३ रोजी बंदी आली, आणि तज्ज्ञांच्या विरोधानंतर ३१ जुलै रोजी, म्हणजे दीड महिन्याच्या आत, वेष्टनावर ठळक इशारा छापण्याच्या अटीवर ती उठली. पूर्वी विलंब फार. आता घाई फार, असे कोणी म्हणेल तर त्यात तथ्य नाही असे नाही.

सीबाचे गोरेगावचे केंद्र पुढे बंद झाले. २००४ साली त्याच उपनगरात निकोलस पिरामल कंपनीने आपले संशोधन केंद्र उघडले, आणि या खेपेस तेथील शास्त्रज्ञांनी मधुमेहावरही हात घातला. पी १७३६ या क्रमांकाचे त्यांचे संयुग माणसांवरील परीक्षांपर्यंत पोहोचले; बाजारात आले नाही. २०१४ साली कंपनीने नव्या औषधांचे संशोधनच आवरते घेतले.

टोलब्युटामाइड आता क्वचितच कोणी लिहून देतो. त्याच्या कुळातील धाकट्या गोळ्या मात्र गोरेगावच्या स्थानकाबाहेर कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळतात. चिठ्ठी दाखविली की दुकानदार पट्टीतून दहा, नाही तर पाचच गोळ्या कात्रीने कापून देतो. इशाऱ्याचा बारीक अक्षरांत छापलेला कागद खोक्यातच राहतो.